साडेदहा तासांची संकष्टी

मित्रांनो, लाकडी पायावर कलून उभा असलेला, रंग उडालेला हा पृथ्वीगोल म्हणजे मी. कललेपण माझे नव्हे, ते पृथ्वीचेच आहे. पोटावरचा पोचा मात्र माझा, तो मी नाकबूल करत नाही.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, वर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला घडवले. कोलकात्यातच जन्मलेल्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या श्यामकांत सरांनी मला कॉलेज स्ट्रीटवर विकत घेतले आणि ट्राममधून मांडीवर बसवून घरी आणले. वर्गात ते मला फिरवून म्हणत, "भिंतीवरचा नकाशा थापा मारतो. हा मारत नाही." इतके कौतुक माझे पुढे कुणी केले नाही. सर गेले आणि कोलकात्याच्याच सॉल्ट लेक भागातल्या घरात मी कपाटावर जाऊन बसलो. हिवाळ्यात माझ्या डोक्यावर घरातल्या माकडटोप्या ठेवत. मला राग येई, पण सांगणार कुणाला?

गेल्या हिवाळ्यात सरांच्या पत्नी, श्यामलाआजी, लंडनला लेकीकडे निघाल्या. आभाला बाळ झाले होते. आजींनी चष्मा लावून तिकीट वाचले: सकाळी दहाला निघणार, दुपारी तीनला पोचणार. नेमकी त्या दिवशी संकष्टी. चाळीस वर्षांत त्यांची एकही चुकली नव्हती. विमानात काही खायचे नाही आणि लंडनचा चंद्र पाहून उपवास सोडायचा, असे त्यांनी ठरवून टाकले. साखरेच्या आजाराची गोळी घेऊन उपाशी राहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून हा बेत त्यांनी मुलाला, परागला, सांगितलाच नाही. सांगितला तो फक्त सहावीतल्या नातीला.

"पाच तास गं, रुचा. एवढं काय त्यात?"

रुचाने टोप्या बाजूला सारून मला खाली उतरवले. कोलकात्यापासून लंडनपर्यंत तिने माझ्यावर दोरा ताणला. मग तोच दोरा माझ्या पोटाभोवती, विषुववृत्तावर, मोजत नेला. बरोबर पाच वेळा बसला. "आजी, पूर्ण गोल चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे लंडन आठ हजार. विमान ताशी आठशे जातं. पाच तासांत कसं पोचणार?"

तेवढ्यात पराग आत आला, आणि रुचाने सगळे सांगून टाकले.

"आई, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं," तो म्हणाला. "प्रवास साडेदहा तासांचा आहे. लंडनच्या चंद्रापर्यंत थांबलीस तर इथे मध्यरात्र उलटलेली असेल. वाटेत चक्कर आली तर काय करू आम्ही?"

आजींनी तिकिटाची घडी घालून ठेवली. मग म्हणाल्या, "राजगिऱ्याचे लाडू आणि केळी हातातल्या पिशवीत ठेव. चंद्र मी आपल्या कोलकात्याचाच धरीन."

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. इथे चंद्र उगवला तेव्हा, म्हणजे इथल्या पावणेआठला, विमानाच्या खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना, आजींनी हात जोडून उपवास सोडला होता. विमानतळावर त्या स्वतःच्या पायांनी चालत लेकीपाशी गेल्या होत्या.

मित्रांनो, मी कुणाचा ऋणी आहे म्हणाल, तर त्या दोरा धरणाऱ्या बोटांचा. आम्हा जुन्या वस्तूंना नुसते पुसून ठेवू नका, अधूनमधून काही विचारत जा. फोनवर आजींनी नातीला सांगितले, "बाळाला मांडीवर घेतलंय बघ. आता जरा हात लावून दाखव, मी कुठे आहे ते." आणि रुचाने माझ्यावरच्या लंडनवर बोट ठेवले.