नियम ठरले आणि मी जुनी झाले

मित्रांनो, त्या रविवारी दुपारपर्यंत मी नुसती गाडी होते. दुपारी हडपसरजवळच्या मांजरी गावात, तात्यारावांच्या पडीक शेताच्या कडेला, तीन माणसांनी चहा पीत नियम ठरवले आणि मी जुनी गाडी झाले. त्याआधी कुणी मला तसं तोंडावर म्हटलं नव्हतं.

मी रिमोटवर चालणारी, मातीत धावणारी गाडी आहे. वीतभर रुंद, दीड वीत लांब. मागची चाकं खिळ्यांसारख्या दातांची, पुढची बारीक. तात्यारावांच्या शेतात आमच्यासाठी चढउतारांची, वळणावळणाची वाट केलेली आहे. तिथं बहुतेक गाड्या आता नव्या असतात. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची वेगळी शर्यत घ्यायची, असं ठरत होतं. त्यासाठी निदान तीन गाड्या हव्या होत्या. एक तात्यारावांची, एक विश्वजीतनं कुठून तरी मागवलेली आणि तिसरी मी, प्रसादरावांची.

प्रसादराव हडपसरच्या पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. त्यांची मुलगी पूर्णिमा त्यांना बाबा म्हणायची. मीही मनातल्या मनात बाबाच म्हणायचे. तिला कळलं असतं तर आवडलं नसतं.

"काका, रूल सिंपल ठेवू," विश्वजीत म्हणाला. तो आयटीतला. "नाइन्टीच्या आधीची कार, जुन्या टाइपची मोटर, बस. बॉडी कुठलीही चालेल."

"कुठलीही म्हणजे? उद्या तुम्ही साबणाची पेटी उलटी घालून आणाल," बाबा म्हणाले.

"टायर तरी नवं चालू द्या," तात्याराव म्हणाले. "जुनं मिळत न्हाईत आता."

"चालतील," बाबा म्हणाले. "माणसंही चपला बदलतात. मोडलेला भाग मात्र विकत आणायचा नाही. मालकानं स्वतःच्या हातानं केला असेल तर चालेल."

माझा पुढचा डावा दांडा बाबांनीच कानशीनं घासून केलेला आहे. विश्वजीत हसला. "म्हणजे काका, रूल तुमच्याच गाडीसाठी!"

"मग काय शेजाऱ्याच्या गाडीसाठी करू?"

मी मनातून फुलले होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "एक राहिलं."

आमच्याकडे पद्धत अशी की शर्यत चालू असताना वळणावर कुणीतरी उभं राहायचं. गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची. खरं तर आधीच्या शर्यतीतल्या माणसानं हे करायचं असतं. पण पुरुषमंडळी फळ्यांच्या मचाणावर रिमोट घेऊन उभी राहायची आणि उन्हात घरच्यांना उभं करायची.

"घरच्यांना उभं करणं बंद," बाबा म्हणाले. "आणि आजवर जो कुणी असा उभा राहिलाय, त्याला पहिल्या शर्यतीत रिमोट मिळाला पाहिजे."

"आन् त्याची गाडीच नसली तर?" तात्यारावांनी विचारलं.

"ज्याच्यासाठी उभा राहिला, त्यानं आपली द्यायची."

"काका, हे जरा वियर्ड आहे," विश्वजीत म्हणाला. तात्यारावही नको म्हणाले. दोघं विरुद्ध एक.

"ठीक आहे. मग माझी गाडी धरू नका," बाबा म्हणाले आणि मला पिशवीत घालू लागले. तिसरी गाडी गेली म्हणजे शर्यतच गेली. नियम मंजूर झाला.

बाबांनी नाव घेतलं नव्हतं. पण मला समजलं, आणि पिशवीत बसल्या बसल्या मी जळून गेले.

हे जळणं समजायचं तर तुम्हाला माझा जन्म सांगायला हवा. मी जपानची. तिथून मी अख्खी आलेच नाही. सुटे भाग होऊन, डब्यात बसून, बाबांच्या एका साहेबांच्या बॅगेतून आले. तेव्हा परदेशी वस्तूंची दारं अजून उघडायची होती. बाबांनी मला जेवणाच्या टेबलावर जोडलं. पूर्णिमा तेव्हा दुसरीत होती. माझ्या पारदर्शक कवचाला आतून रंग द्यायचा होता. तिनं ब्रश मागितला.

"राहू दे, हात हलेल," बाबा म्हणाले.

त्यांनी एकट्यानंच रंगवलं आणि मी लाल झाले. ती उठून आत गेली. त्या दिवसापासून तिनं मला नाव दिलं, 'तुमची ती'. "आधी तुमच्या तिला जेवायला घाला," बॅटरी चार्जिंगला लावली की ती म्हणायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाबा एकदा उशिरा पोचले, कारण माझी मोटर उघडलेली होती. त्या रात्री ती जेवलीच नाही.

तरी दर रविवारी बाबा तिला तात्यारावांच्या शेतावर न्यायचे आणि लांबच्या वळणावर उभं करायचे. मी उलटले की ती धावत यायची. इतरांच्या गाड्या ती हळू ठेवायची. मला आपटायची.

तिला वाटायचं, मी तिचे बाबा पळवले. आता माझी बाजू ऐका. घरी आल्यावर बाबा जुन्या टूथब्रशनं माझी माती काढायचे, आणि सगळा वेळ बोलायचे ते तिच्याबद्दल. पूर्णाला गणितात किती मिळाले. पूर्णाला नोकरी लागली, मगरपट्ट्याला. पूर्णा हल्ली बोलत नाही फारशी. हात माझ्यावर आणि जीव तिच्यात. वीस वर्षं मी हे ऐकलं. दांडा घासून दिला, तेल घातलं, पण माझ्याबद्दल ते कुणाशी असं बोलल्याचं मला आठवत नाही.

मग नव्या गाड्या आल्या. हडपसरला काचेच्या इमारती झाल्या, त्यांत काम करणारी मुलं रविवारी मांजरीला येऊ लागली. त्यांच्या गाड्या सुईसारख्या आवाजात पळायच्या. बाबांनी त्यांना कधी हात लावला नाही, पण ते बघायचे. नुसत्या बघण्याचाही हेवा वाटतो, मित्रांनो.

तर त्या रविवारी संध्याकाळी आम्ही घरी आलो. पूर्णिमा ताट वाढत होती.

"झाले का नियम?"

"झाले. पुढच्या रविवारी येतेस का?"

"मला काम आहे, बाबा."

"बरं," ते म्हणाले. पुढं काही बोलतील असं वाटलं. त्यांनी आमटी वाढून घेतली. मला मात्र हायसं वाटलं.

सोमवारी सकाळी आंघोळीला जाता जाता ते खुर्चीत बसले आणि परत उठले नाहीत.

नंतर मी कपाटावर होते. माझ्यावरची माती तशीच होती. पूर्णिमा खोलीत यायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. तेरावा झाल्यावर तात्याराव आणि विश्वजीत आले. शर्यत त्यांनी पुढं ढकलली होती.

"ताई, काकांची कार मी चालवीन," विश्वजीत म्हणाला. "त्यांच्या मेमरीत."

"घेऊन जा," ती लगेच म्हणाली.

तात्यारावांनी मान हलवली. "न्हाई, तसं चालायचं न्हाई. नियम हाय." आणि त्यांनी नियम सांगितला. "आमी दोघंबी विरोधात हुतो. त्यांनी ऐकलं न्हाई. गाडी काढून घ्याया निघाले."

पूर्णिमानं विचारलं, "माझं नाव घेतलं का त्यांनी?"

"न्हाई."

"मग?"

"अगं, शाळकरी पोर असल्यापासनं त्यांची गाडी उचलाया दुसरं कोन उभं हुतं?"

ती मोरीत गेली आणि टूथब्रश घेऊन आली.

रविवारी ती मचाणावर चढली. एका बाजूला तात्याराव होते, त्यांच्यापलीकडे विश्वजीतचा रिमोट घेतलेला त्याचा भाऊ; आजवर वळणावर तो उभा राहायचा, आज विश्वजीत गेला होता. दुसऱ्या बाजूची, बाबांची जागा तिनं मोकळी ठेवली. मी तिच्या बोटांत बाबांची बोटं शोधत होते. ती सापडली नाहीत. वळणाआधी ते वेग सोडायचे, ती दाबतच राहिली. मी पहिल्याच चढावर उडाले आणि लांबच्या वळणावर पाठीवर पडले, चाकं आभाळाकडे करून.

विश्वजीत धावत आला. त्यानं मला हळू सरळ केलं. तेव्हा मला मचाण दिसलं. एरवी सरळ होताच मी पळायचे, आज पहिल्यांदाच तिथं थांबून बघितलं. तिथून वरची माणसं किती लहान आणि किती दूर दिसतात! पूर्णिमा इतकी वर्षं इथं उभी होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. तेल घाला, माती काढा, उन्हात टाकून देऊ नका. पण आमच्यावरून हात फिरवताना ज्याच्याबद्दल बोलता, त्यालाही जवळ बोलवा. आम्ही ऐकतो, पण कुणाला सांगू शकत नाही.

बाकीच्या दोन गाड्या पुढं निघून गेल्या होत्या. "ताई, दाबा ना!" विश्वजीत ओरडला. तिनं दाबलं नाही. ती मोकळ्या जागेकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, मला ही गाडी कधीच नको होती. मला इथं वर, तुमच्या शेजारी उभं राहायचं होतं."