सुरुंगाचा झेंडा

डोमानं पेटीतला लाल कपडा बाहेर काढला, झटकला, आणि पुन्हा घडी करून आत ठेवला. सकाळपासून ही तिसरी खेप.

"आबाजी, ते राहू द्या ना. इकडं सांगा," नात प्रतीक्षा वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारत म्हणाली. "डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम. रशियाची क्रांती लिहून झाली. सर म्हणाले, एक उदाहरण आपल्या गावचं पायजे. गावचं म्हणजे तुमीच."

झालं! रशिया सोडून क्रांती थेट डोमाच्या ओसरीत येऊन बसली.

तसा डोमा गावात कामरेड म्हणूनच ठाऊक. चिखला गावाच्या पलीकडं मँगनीजची एक छोटी खाण होती; आता तिच्यात नुसतं पाणी भरलंय. शेहेचाळीस वर्षांपूर्वी तिथले दोनशे मजूर काम टाकून साहेबाच्या बंगल्यावर गेले, ते डोमाच्या लाल झेंड्यामागून. तोवर बाया खाणीतलं गढूळ पाणी गाळून पोरांना पाजत होत्या. तिसऱ्या दिवशी मजुरांच्या चाळीत नळ आला. मग युनियन आली, आणि डोमाला लोक कामरेड म्हणू लागले. एक मे आला की शाल मिळायची. पेटीत शालींचा ढीग झाला, पण पांघरायला त्यानं एकही काढली नव्हती.

आणि उद्या पोरगा विनोद दुसऱ्या एका खाणीच्या फाटकासमोर धरणं धरून बसणार होता. तिथं ठेकेदाराच्या मजुरांना हजेरीचं कार्डच नाही. कोणाचा हात तुटला तर 'हा आमचा माणूसच नाही' म्हणायला ठेकेदार मोकळा. "बाबा, तुमी पुढं चालले तं पोरं बाहेर निघतीन," असं विनोद सांगून गेला होता. नाही निघाली तर पहिलं काम त्याचंच जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"सांगा, पयलं कारण?"

"सुरुंग," डोमाच्या तोंडून निघून गेलं.

"अगा बापा! तुमी सुरुंग लावला होता?" पोरीचे डोळे एवढाले झाले.

"मी कायले लावतो वो? मी झेंडेवाला होतो. सुरुंग उडाच्या आधी लाल झेंडा दाखवाचा, शिट्टी वाजवाची, माणसं दूर न्याची. हेच माझं काम."

मग इतकी वर्षं घशात अडकलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. त्या दिवशी सुरुंग भरून झाले होते. मजूर मात्र पाण्यावरून कुरकुरत घोळक्यानं उभे. डोमा झेंडा उंच धरून, शिट्टी फुंकत, 'चला, चला' करत निघाला. मोकळी वाट बंगल्याकडचीच होती, म्हणून तिकडं वळला. मागं बघतो तर अख्खी खाण चालत येतेय, आणि कोणीतरी घोषणा ठोकली.

"मले वाटलं, सुरुंगाच्या भेवानं येऊन राहिले. त्याइले वाटलं, मी मोर्चा काढला. सारी गफलत, बाई. मी कायचा कामरेड? अन् आता विनोदनं माझ्या भरवशावर आपलं पोट पणाले लावलं..." शरमेनं त्याची मान खाली गेली.

प्रतीक्षा वहीकडं बघत राहिली. उजव्या बाजूला 'नळ' लिहून झालं होतं. डाव्या बाजूला आता 'गफलत' लिहायचं?

डोमाची बायको पार्वताबाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"झालं सांगून? सगळ्याले माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"झेंडा सुरुंगाचा होता म्हणून. रोज खाणीत कामावर दिसे तो आमाले, आमी काय आंधळ्या होतो? दोन दिसापासून सारे जाऊ जाऊ करत होते, पण पयले कोण जाईन? तुमी निघाले. माझ्या जोडीच्या आनंदाबाईनं मले कोपर मारलं, 'चाल वो,' म्हणे, 'निघाला झेंडा.'"

हसावं की चिडावं, डोमाला कळेना.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी झेंडा खाली केला असता."

सुपातला एक खडा तिनं अंगणात फेकला. कोंबडी धावली आणि फसून परत आली.

"अन् विनोदले?" डोमानं हळूच विचारलं.

"त्याले मीच सांगतलं. लहान होता तवाच."

"तरी त्यानं मलेच बलावलं?"

पार्वताबाई निवडत राहिली. डोमा उठला, पेटी उघडून लाल कपडा बाहेर काढला आणि सगळ्या शाली उपसून तळाशी चाचपू लागला.

"पार्वता," तो म्हणाला, "माझी शिट्टी कुठी ठेवली वो?"