अर्धेलीनं ठेवलेली डॉली

जवळा बाजार या गावी कुत्र्यांचं बोर्डिंग निघतंय ही बातमी लोकांना बॅनरवरून कळली. बॅनरवर निलमचा नवरा वैजनाथ गॉगल लावून हात जोडून उभा होता. त्याच्या डोक्यावर गोल चौकटींत तालुक्याचे पुढारी आणि गल्लीतले झाडून सगळे शुभेच्छुक होते. अगदी खाली, फोन नंबरच्या शेजारी थोडी जागा उरली म्हणून एक कुत्रं होतं. धंदा निलमचा होता. शेडला चुना तिने मारला, जाळ्या तिने बसवून घेतल्या, कुत्र्याला काय चालतं आणि काय चालत नाही याचे व्हिडिओ तिनेच रात्रंदिवस पाहिले. तिचं नाव कुत्र्याच्या जरा वर होतं, एवढा मान मात्र वैजनाथने आठवणीने ठेवला होता.

शेड सासऱ्यांची, म्हणजे उत्तमरावांची. सोयाबीन ठेवायला बांधलेली. ती देताना त्यांनी अट घातली.

"सोयाबीन निघस्तोर शेड तुझी. तवर जमलं तर जमलं. न्हाई तर मळणी झाली की पोते आत अन् तू कापूस येचायला."

कापूस वेचायला निलम भीत नव्हती. लग्न झाल्यापासून ती तेच करत आली होती. पण घर सासऱ्याचं, शेत सासऱ्याचं, बॅनरसुद्धा नवऱ्याचा. निदान एक तरी गोष्ट आपली म्हणावी अशी असावी, असं तिला मनापासून वाटत होतं. त्या वाटण्यापायी तिने घरात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

नवल म्हणजे सासू गोजरबाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. "पोरगी चांगलंच करून राहिली की," असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. सासू सुनेच्या बाजूने बोलते म्हटल्यावर कुणीतरी कारण विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही आणि तिथेच घोळ झाला.

पाडव्यानंतर पहिलं गिऱ्हाईक आलं. हिंगोलीच्या कालिंदीताई, प्राध्यापकीणबाई, आणि त्यांची लॅब्राडोर डॉली. मुलगी अबोली अमेरिकेत, तिचं पहिलं बाळंतपण. ताई आणि त्यांचे यजमान सहा महिन्यांसाठी निघाले होते. ताई हिंगोलीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळातल्या निम्म्या बायकांच्या घरी कुत्री होती, आणि ताई ज्या दुकानाला नाव ठेवतील तिथून त्या बायका हळदसुद्धा घेत नसत. म्हणजे ताई खूश झाल्या तर बोर्डिंग चालणार, आणि नाही झाल्या तर सोयाबीन आत येणार, हे निलमला लख्ख दिसत होतं.

"ही आमची लेकच आहे," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "लेकीसारखी सांभाळा." खर्चाचे पैसे त्यांनी आगाऊ दिले.

"तालेवार धनी हाये," गोजरबाई मागून पुटपुटल्या. "चाऱ्याचे बी देऊन राहिला."

आता हे धनी आणि चारा काय प्रकरण, ते सांगायला हवं. आपली शेळी किंवा कालवड दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची, त्याने चारापाणी करायचं, आणि पिलं झाली की निम्मी धन्याची, निम्मी सांभाळणाऱ्याची. ही अर्धेली. गोजरबाईंनी उभ्या जन्मात दुसऱ्याचं जनावर दुसऱ्या कशासाठी घरात घेतलं नव्हतं. सुनेने कुत्री अर्धेलीनं सांभाळायचा धंदा काढलाय, अशी त्यांची पक्की समजूत होती. अर्धेलीत त्या फार चोख. अर्धेलीचं जनावर भाकड ठेवणं म्हणजे धन्याला बुडवणं, असं त्या मानत.

अक्षय्य तृतीयेला निलम कळमनुरीला माहेरी गेली. जाताना डॉलीच्या खाण्यापिण्याचं सगळं सासूला समजावून गेली. जे समजावलं नव्हतं ते गोजरबाईंनी आपल्या अकलेने केलं. डॉली माजावर आलेली दिसताच त्या तिला शेजारच्या बेबीबाईच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, घेऊन गेल्या. तिथला कुत्रा हिऱ्या, रानडुकरांच्या मागे धावणारा गडी. साऱ्या शिवाराची कुत्री पारखून त्यांनी त्याला पसंत केला होता. वैजनाथसाठी मुलगी बघतानाही त्यांनी एवढी पायपीट केली नव्हती.

वटपौर्णिमेच्या सुमारास डॉलीचं पोट दिसायला लागलं आणि निलमच्या पायाखालची जमीन सरकली.

"आत्याबाई, हे काय केलं वो तुमी?"

"काय म्हंजे? अर्धेलीचं जनावर भाकड ठिवू व्हय? धनी उद्या तोंडात शेण घालंल ना!"

"अर्धेली न्हाई हे! नुसतं सांभाळायचं अन् परत द्यायचं."

गोजरबाईंनी सुनेकडे कीव येऊन पाहिलं. "नुसतं परत द्यायला कोन कशाला आनून ठिवंल? कायबी बोलती."

त्यानंतर निलमचे वाईट दिवस सुरू झाले. ताई अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करत. निलम डॉलीचं थोबाड तेवढं पडद्यावर आणी. "जाड झालीये का ग?" ताई विचारत. "हवा मानवली ताई," निलम म्हणे, आणि खोटं बोलल्याची टोचणी दिवसभर घेऊन फिरे. बॅनरवरचा संचालक वैजनाथ अशा वेळी हमखास चौकात असे.

आषाढात डॉलीला चार पिल्लं झाली. गोजरबाईंनी बाळंतपणात काही म्हणून कमी केलं नाही. शेगडीचा शेक झाला, तेल लावून झालं, आणि निलमने फोनमधला व्हिडिओ नाकाशी धरून अडवलं तरी डिंकाचे लाडूही झाले. निलमच्या वेळी लाडवांत खोबरं कमी होतं. डॉलीच्या लाडवांत ते कमी नव्हतं, हे निलमने न बोलता नोंदवून ठेवलं.

दसऱ्याच्या तोंडावर ताई परतल्या. त्या येणार त्या सकाळी निलमने पिल्लं टोपलीत घालून बेबीबाईच्या आखाड्यावर पोचवली. उत्तमरावांची मळणी नेमकी आदल्याच दिवशी झाली होती, आणि पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर शेडच्या दारात येऊन उभा होता.

ताई उतरल्या. वाळलेल्या दिसत होत्या. डॉली त्यांच्या अंगावर झेपावली. "छान ठेवलीस हं," ताई म्हणाल्या, आणि निलमच्या जिवात जीव आला. तेवढ्यात गोजरबाई डोक्यावर टोपली घेऊन दारातून आत आल्या.

"धन्याचा वाटा लपवायचा? आपल्या घरात न्हाई झालं हे कदी," त्यांनी सुनेला झापलं आणि टोपली ताईंपुढे ठेवली. "चार हायेत. दोन तुमचे, दोन आमचे. निवडा. पयली पसंती धन्याची."

पुढचा काही वेळ कालिंदीताई जे बोलल्या ते प्राध्यापकीणबाईला शोभणारं नव्हतं. डॉलीचं नांदेडच्या चॅम्पियन कुत्र्याशी ठरलं होतं. निलम खोटारडी होती. मंडळात एकेकीला त्या हे सांगणार होत्या. निलम खाली मान घालून उभी होती. उत्तमरावांनी पोती उतरवायला ट्रॅक्टरच्या मागच्या फाळक्याला हात घातला.

"सोयरीक ठरली व्हती तर सांगायचं ना बाई," गोजरबाई शांतपणे म्हणाल्या. "लेकीसारखी म्हन्लात, लेकीसारखी केली. ह्या मांडीवर बाळंत झाली ती. शेकलं, तेल लावलं, डिंकाचे लाडू घातले. इचारा तिला."

ताईंनी डॉलीकडे पाहिलं. "लाडू खाल्ले तिने?"

"चाटून पुसून."

ताई शेडमधल्या बाजेवर बसल्या. "मी इथून डबा भरून नेले होते," त्या म्हणाल्या. "अबोलीने हातात घेतला नाही. यात डिंक कशाला, म्हणाली. बाळाला तेल लावायला गेले तर जावयांनी आधी डॉक्टरांना फोन केला. सहा महिने मी सोफ्यावर बसून होते हो." आणि त्या रडायला लागल्या. कुत्रीचं बाळंतपण झालं आणि आपल्याला लेकीचं करू दिलं नाही, हे दुःख कुणापुढे मांडावं असं नव्हतंच. गोजरबाईंपुढे ते मांडता आलं. गोजरबाईंनी डब्यातून लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो डॉलीच्या डब्यातला होता, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

लाडू खाऊन झाल्यावर ताईंनी टोपलीपुढे बसून बराच वेळ घेतला. दोन निवडली. एक ठेवून दुसरं घेतलं, पुन्हा पहिलंच उचललं. मग नाक पुसून अध्यक्षांच्या आवाजात निलमला म्हणाल्या, "मंडळाच्या बायका काशीला निघाल्यात. तिघींची कुत्री पाठवते. पण पुन्हा मला फसवलंस तर याद राख."

उत्तमरावांनी फाळक्यावरचा हात काढला. "पोते वसरीवर टाका," ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि कुणाकडे न बघता घरात गेले. निलम मनातून सुखावली.

"आणि तिन्ही नर आहेत," ताई गाडीत बसताना म्हणाल्या. "तेव्हा सासूबाईंना नीट समजावून ठेव."

गाडी गेली. गोजरबाईंचं तोंड उतरलं होतं.

"नर?" त्या सुनेला म्हणाल्या. "अगं, नर अर्धेलीनं कोन ठिवतंय? बुडाला तुझा धंदा."