स्पेर्नोचा पाढा

मी एक जुने लॅटिन क्रियापद आहे आणि आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, मला कोणाचेच कौतुक नाही. माझे नाव स्पेर्नो. अर्थ, 'मी तुच्छ मानतो'. नाव तसा स्वभाव.

जन्म माझा रोमचा. दोन हजार वर्षे चालून मी येऊन पडलो कुठे, तर नाशिकरोडच्या दोन खोल्यांत, सायमन मास्तरांच्या व्याकरणाच्या पुस्तकात. पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरवर वरणाचा डाग. काय ही माझी दशा!

पाद्री होऊ पाहणारी पोरे मास्तरांकडे लॅटिन शिकत. नाक पुसत, डुलत माझा पाढा म्हणत: स्पेर्नो, स्पेर्निस, स्पेर्नित, स्पेर्निमुस, स्पेर्नितिस, स्पेर्नुंत. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सगळेच तुच्छ मानतात, एकही सुटत नाही. पुढे चर्चमधली प्रार्थना लॅटिन सोडून मराठीत आली आणि पोरे येईनाशी झाली. उरले मास्तर. आंघोळ झाली की केस पुसत एकटेच पाढा म्हणत.

ऐकायला एक भांडीवाली लताबाई. तिचा मला फार तिटकारा. राखेचे हात, आणि पातेली घासता घासता ओठांत माझे तुकडे करायची: सपेरनो, सपेरनीस.

अठ्ठ्याहत्तर साली मास्तरांना अर्धांगवायू झाला. हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज बोलते करा, दोन महिन्यांत शब्द फुटला तर फुटला. घोटीहून त्यांची बहीण विमलाबाई आली. तांब्या पुढे धरून म्हणायची, पाणी म्हण दादा, पाणी. दादाच्या डोळ्यांना पाणी यायचे, तोंडातून शब्द नाही.

दीड महिना असाच गेला. मग एका दुपारी लताबाई पदराला हात पुसत खाटेजवळ बसली. म्हणाली, मास्तरांची वंदना म्हणू या. विमलाबाईने विचारले, कसली वंदना?

"न्हाऊन आले की म्हणायचे ना रोज. आमची बुद्धवंदना बी पाली भाषेत असती. अर्थ कुठं येतो सगळा? पण तोंडात बसलेली असती. इसरत नाय."

मी मनात हसलो. मी, आणि वंदना!

"सपेरनो," ती म्हणाली, आणि थांबली.

मास्तरांचे वाकडे ओठ हलले. "स्पेर्... निस."

विमलाबाईने तांब्या खाली ठेवला. ओढत, अडखळत मास्तर पार स्पेर्नुंतपर्यंत गेले. रोज हेच चालले. आठवड्याभराने पाढ्यामागून पाणी आले, मग चहा आला, मग विमल.

मास्तर चांगले बोलू लागल्यावर लताबाईने पाढ्याचा अर्थ विचारला. मास्तर ओशाळले. हळूच म्हणाले, "तुच्छ मानतो."

"आन् पुढचं?"

"तेच. सगळेच मानतात."

लताबाई हसली. "हे व्हय! हे तर आमी पुस्तकाबिगर ऐकतोय, ल्हानपणापासनं." मग कप उचलता उचलता म्हणाली, "असू द्या. तुमची वाचा आली ना."

मास्तर जाऊन आता पाच वर्षे झाली. पुस्तकाला कसर लागली, माझ्या पानाचे पीठ झाले. रोमचा मी, आता एकाच तोंडात जिवंत आहे. दुपारी नातवाला मांडीवर थोपटताना लताबाई म्हणते, सपेरनो, सपेरनीस, आणि ते बोटभर पोर झोपते.

विनवणी माझ्या रक्तात नाही, मित्रांनो. तरी ऐका. पुस्तके जपाच, पण ती ज्यांच्या हाती कोणी दिली नाहीत, त्यांच्यासमोर नाक मुरडू नका. तुमचे काय त्यांच्या तोंडी उरेल, सांगता येत नाही.

तिने केलेले माझे तुकडे मी आता मोजत नाही.