उन्हापासून जपलेली सोलर प्लेट

मित्रांनो, मला जुनी म्हणायला तुमची जीभ धजणार नाही. माझं वय अवघं पाच वर्षं, अंगावर एक ओरखडाही नाही. तरी मी अडगळीत पडल्यासारखी आहे. मी तेलगावजवळच्या एका वस्तीवरची सोलर प्लेट. उन्हावर पाण्याची मोटर चालवायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म कारखान्यातला. केंद्राचं अनुदान, राज्याचा वाटा आणि ग्रामपंचायतीची थोडी भर, असं तिघांनी मिळून मला आणि माझ्या नऊ बहिणींना बोअरवर आणून बसवलं. सरपंच सुंदररावांनी नारळ फोडला, माझ्या काचेला हळदीकुंकू लावलं. मागे भला मोठा फ्लेक्स होता आणि त्यावर चक्क आमचा फोटो! त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पाणी सोडायचं काम गीताबाईंकडे होतं. शाळेला निघालेल्या लेकराचं पुसावं तसं त्या रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत. ऊन चढलं की मोटर फिरे, टाकी भरे, नळाला पाणी येई. वस्तीवरच्या बायांच्या डोक्यावरची घागर उतरली. "माझी बाय लई गुणाची हाय," असं गीताबाई म्हणत आणि मी मनातून फुलून जाई.

मग एकदा तालुक्याहून साहेब आले. म्हणाले, "योजनेचा निधी संपला. ही फुटली तर दुसरी मिळणार नाही." झालं! आदल्याच आठवड्यात गारा पडल्या होत्या. सुंदररावांनी उद्घाटनाचा तोच फ्लेक्स शोधून काढला आणि आम्हा दहा जणींवर करकचून बांधला. माझं कौतुक असं माझ्याच तोंडावर आलं.

"दादा, मग पाणी कसं चढंल?" गीताबाईंनी विचारलं.

"गारांचे दिवस जाऊ दे. मग काढू."

गारांचे दिवस गेले. मग वावटळींची भीती निघाली, मग माकडांची. अशी दोन वर्षं गेली. आम्ही दहा जणी एकमेकींना खेटून आहोत, पण या अंधारात जी ती एकटी. गीताबाईंची पावलं तेवढी ऐकू येतात. आता त्या लांबच्या विहिरीवरून घागर आणतात आणि माझ्या खांबाला टेकून दम खातात. मला फार वाईट वाटतं.

परवा त्यांनी एक गाठ सोडली, कोपरा उचलला आणि पदरानं माझी काच पुसली. वीतभर ऊन अंगावर पडलं. तेवढ्यात सुंदरराव आले.

"कावून गाठ सोडलीस गं? फुटली तर नाव तुझ्यावर यील!"

"दादा, फुटंल म्हणून झाकून ठेवली, तर ती फुटल्यावानीच हाय की."

सुंदररावांनी गाठ पुन्हा मारली.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी वस्तू असेल तर तिला पुसा, निगा राखा, पण तिचं काम तिच्यापासून काढून घेऊ नका. आत्ता भर दुपार आहे. फ्लेक्स तापलाय, म्हणजे वर ऊन रग्गड आहे. अख्खी वस्ती उन्हाला शिव्या घालत सावलीला बसली असेल. मी इथे त्याच्यासाठी झुरते आहे आणि गीताबाई घागर घेऊन त्याच उन्हातून विहिरीकडे निघाल्या आहेत.