सदतिसाव्या पानावरचे दोन गुण

मी बोलतेय, पण हळू बोलतेय. पलीकडे ग्रामोफोनवर तबकडी लागली आहे, आणि या घरात तबकडी चालू असताना जो तोंड उघडेल त्याचेही गुण कापले जातात.

मी एक नोंदवही. शंभर पानं, निळा पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी. माझा जन्म खरं तर वाहन परवान्याच्या कचेरीसाठी झाला. गाडी चालवण्याची परीक्षा द्यायला येणाऱ्यांचे निकाल माझ्यात लिहायचे होते. पण छापखान्यात कुणाचा तरी डोळा लागला आणि ‘उमेदवाराचे नाव’ हा रकाना पानोपानी उलटा छापला गेला. उलट्या डोक्याची वही कचेरीला कशाला हवी? माझी रवानगी थेट रद्दीच्या गठ्ठ्यात झाली. परीक्षा न घेताच मला नापास केलं, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

तिथून मला उचललं ते परीक्षकसाहेबांनी. तीस वर्षं लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांच्या चुका टिपणारा हा माणूस. स्वभावाने सरळ, इतका सरळ की स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत वळतानाही हात दाखवतो. त्यांना जुन्या, गाजलेल्या तबकड्यांचं भारी वेड. जग ज्यांना डोक्यावर घेऊन नाचतं, त्या खरोखरच त्या लायकीच्या आहेत का, हे आपण एकदा तपासून घ्यावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण खोड ती खोड.

दर रविवारी चहा झाला की ते मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत, मला मांडीवर घेत आणि सुई टेकवताना म्हणत, “चला, काढा गाडी.”

मग माझ्यात उमटायचे ते शेरे! ‘चाळीस व्हायोलिनवाले, एकमेकांत अंतर राखलं नाही. पुढच्याने ब्रेक लावला असता तर? पाच.’ ‘बाईंचा आवाज उत्तम, पण शेवटचं गाणं संपवता येत नाही. पार्किंग कच्चं. सात.’ ‘तिसऱ्या गाण्यात ढोल कुठून आला, कुठे वळला, इशारा नाही. साडेसहा.’ एका पियानोवाल्याला मात्र साडेआठ मिळाले. ‘एकटा माणूस, दोनच हात, तरी रहदारी सुरळीत.’ साडेआठच्या वर माझ्यात कुणी चढलं नाही. दहापैकी दहा तर मी स्वप्नातसुद्धा पाहिले नव्हते.

साहेबांचा नियम एकच. शाईने लिहायचं आणि दिलेला निकाल फिरवायचा नाही.

आता सदतिसाव्या पानाची गोष्ट. साहेबांची पत्नी शाळेत गणित शिकवते. सगळे तिला बाईच म्हणतात, साहेबसुद्धा. बाईंचा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवतो. बहिणीवर त्याचा फार जीव, आणि साहेबांशीही रविवारचा चहा ठरलेला. त्याने एकदा आपल्या सगळ्यात लाडक्या गायकाची तबकडी साहेबांना भेट दिली. कव्हरवर टोपी घातलेला एक जाडजूड माणूस खुर्चीवर रेलून बसलेला. “दाजी, याच्या आवाजाने कपाटातली भांडी हलतात,” असं सांगून तो गेला.

त्या रविवारी साहेबांनी आधी एक छोटी तबकडी ऐकली. ती माझ्या छत्तिसाव्या पानावर आहे. छोट्या तबकडीला वेगाचं बटण मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर न्यावं लागतं, मोठी लावताना परत तेहतीसवर आणावं लागतं. साहेबांनी टोपीवाला लावला आणि बटण विसरले. मी बटणाच्या शेजारीच होते. जीव तोडून ओरडले, पण वहीचं ओरडणं माणसाला ऐकू जात नाही. बाई आत कानात कापूस घालून सहामाहीचे पेपर तपासत होत्या.

टोपीवाला जो सुटला! जाडजूड माणूस खारीच्या आवाजात गायला लागला. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून लिहिलं, ‘वेगमर्यादेचं उघड उल्लंघन. बावीस मिनिटांचा रस्ता सोळा मिनिटांत. उमेदवार प्यायलेला असावा. दोन.’

पुढच्या रविवारी चष्मेवाल्याने ते पान वाचलं आणि त्याचा चहा घशातच अडकला.

“दोन? अहो, काळजाला हात घालणारा आवाज आहे तो!”

“काळजाला? मला तर वाटलं कानात डास शिरला.”

“परत लावा. आत्ताच्या आत्ता लावा!”

“नापास उमेदवाराला लगेच परत बसवता येत नाही. नियम आहे.”

“खड्ड्यात गेला तुमचा नियम! माझे वडील गेले तेव्हा महिनाभर हाच माणूस ऐकत होतो मी.”

निकाल काही फिरला नाही. चष्मेवाला चप्पल घालून निघून गेला तो चार वर्षं आलाच नाही. साहेबांचाही उत्साह ओसरला, माझं महिन्यातून एखादंच पान भरू लागलं. रविवारचा तिसरा कप फळीवर पालथा पडून राहिला. बाई तो कप अधूनमधून उगाच धुऊन परत ठेवत. मला ते बघवत नसे. भांडण माझ्या पानावर झालं होतं ना!

यंदा साहेब निवृत्त झाले. घरी सगळ्यांना जेवायला बोलवायचं ठरलं. बाईंनी भावाला फोन केला. तो म्हणाला, “दोन गुणवाल्यांच्या पंगतीत मला बसवू नकोस, ताई.” बाईंनी फोन ठेवला आणि तरातरा माझ्याकडे आल्या.

“या वहीपायी माझा भाऊ तुटला. आज ही रद्दीत जाणार!”

माझ्या पाठीची कापडी पट्टी थरथरली. पुन्हा रद्दी! पण आधी ते पान फाडावं म्हणून बाईंनी मला उघडलं, आणि शिक्षिकेची सवय, फाडण्याआधी वाचलं. मग तबकडीचं कव्हर काढलं. मग छत्तिसावं पान पाहिलं. मग लाल पेन घेतलं.

“अहो, इकडे या. तेहतीसच्या वेगाने बावीस मिनिटं लागतात, तर पंचेचाळीसच्या वेगाने किती?”

“व्यस्त त्रैराशिक,” साहेब म्हणाले. “सोळा आणि वर थोडी.” आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा पडला. ते बटणाकडे बघत बसले. “म्हणजे तो वेगात नव्हता. ॲक्सिलेटरवर पाय माझा होता.”

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून ते चष्म्याच्या दुकानात गेले. वळताना हात दाखवायलासुद्धा विसरले. चष्मेवाल्याने त्यांना ओळखच दाखवली नाही. नेहमीचं गिऱ्हाईक असल्यासारखं खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि मला समोर धरलं.

“वाचा.”

साहेबांनी सदतिसावं पान मोठ्याने वाचलं. ‘प्यायलेला असावा’ हे मात्र दोनदा वाचावं लागलं.

“खालचा आकडा?”

“दोन. पण चुकीचा आहे. बटण माझं राहिलं होतं. माझं चुकलं, बाबा. चल घरी.”

चष्मेवाल्याने त्यांचा झाकलेला डोळा मोकळा केला. तो ओला होता. दुसराही होता म्हणा.

फेरपरीक्षा रविवारी झाली. साहेबांनी बटण तीनदा तपासलं. टोपीवाला खर्जात उतरला आणि फळीवरचे कप खरोखरच किणकिणले. फक्त दोनच, कारण तिसरा चष्मेवाल्याच्या हातात होता. साहेबांनी नव्याण्णवाव्या पानावर लिहिलं, ‘नऊ.’

“एक का कापला, दाजी?”

“भांडी हलवली. शांतता क्षेत्र आहे.”

आणि खाली, उलट्या रकान्यात, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ‘वाहन सुरू करण्यापूर्वी गिअर पाहिला नाही. चार वर्षं चुकीच्या रस्त्याने गेला. नापास.’

आता माझं एकच पान उरलंय. ते दहापैकी दहा मिळवणाऱ्या तबकडीसाठी ठेवायचं, असं दोघांनी ठरवलं आहे. म्हणून दर रविवारी चष्मेवाला काखोटीला नवी तबकडी मारून येतो, आणि दर रविवारी दोघं भांडतात. साहेब साडेसातच्या वर जात नाहीत, तो साडेनऊच्या खाली येत नाही. बाई कानात कापूस घालून पेपर तपासतात आणि मधूनच हसतात.

वाचकहो, तुम्हाला हात जोडून एकच विनंती. तुमच्याकडे एखादी अगदी निर्दोष, दहापैकी दहावाली तबकडी असेल, तर कृपा करून या घरी पाठवू नका.