एक घर पुढे

विनिताने पटावरच्या आपल्या राजाने हत्ती मारला, तो बाजूला ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं. समोर बसलेल्या जलील यांनी तो उघड उघड देऊन टाकला होता आणि बदल्यात त्यांना काही मिळताना दिसत नव्हतं.

चौलच्या शाळेत भरलेल्या स्पर्धेची ही शेवटची फेरी. अलिबागला मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या विनिताचं रेटिंग एकोणीसशे बारा. डाव बरोबरीत सुटून अर्धा गुण मिळाला तरी पहिला क्रमांक तिचा होता, आयुष्यातला पहिलाच. जलील सव्वीस वर्षं दुबईत क्रेन चालवून परतलेले, साठीचे. रेटिंग जेमतेम अकराशे सत्त्याऐंशी.

त्यांनी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. शह नाही, मारामारी नाही.

विनिताला हसू येणार होतं. मग तिने आपला राजा कुठे जाईल ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. अकरा मिनिटं ती एकेक वाट मनात चालून आली. प्रत्येक वाट त्या प्याद्यापाशी येऊन संपत होती. तिच्या अंगावर काटा आला. इतकं साधं आणि इतकं भयंकर काही पंधरा वर्षांत तिच्या पटावर कुणी मांडलं नव्हतं.

पण यांना ते दिसलं असेल का? तिने घोडा मागे घेतला.

"बरोबरी?" आपला आवाज तिलाच बारीक वाटला.

जलील यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"न्हाय मॅडम. खेळूया." आणि त्यांनी आपली चाल केली.

हार समोर दिसत असताना डाव सोडून हात पुढे करायचा, हीच रीत. तिचा हात उचललाही गेला. पण त्या हाताने राजाच उचलला आणि शेजारच्या घरात ठेवला. जलील यांचा उंट आला. तिने पुन्हा राजा हलवला. शेवटी त्या प्याद्यानेच शह दिला आणि राजाला एकही घर उरलं नाही. शेजारच्या पटावरचे दोघं आपला डाव विसरून बघत होते.

विनिताने चाली नोंदवायच्या कागदावर शेवटची चाल सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली सही केली.

"चाचा, शेवटपर्यंत सगळं दिसलं होतं तुम्हाला?"

"सगळं कुठलं! तुमच्या राजाला जागा कमी पडतेय, इतकंच दिसलं."

"मग बरोबरी का नाही घेतलीत?"

"पुढं काय हाय ते बघायचं व्हतं." ते जरा ओशाळले. "तुम्ही मधीच डाव सोडाल, हीच धास्ती व्हती."

पंच सोंगट्या गोळा करायला आले. त्या प्याद्यावरची नजर न हलवता विनिताने पटावर हात आडवा धरला.

"राहू द्या जरा," ती म्हणाली.